वंशावळीतल्या बायका कुठे गेल्या?



सुट्टी लागली की मुलांच्या दप्तरातून प्रकल्प बाहेर पडतात, आणि त्यातला एक ठरलेला असतो: ‘माझा वंशवृक्ष’. मग आपण काय करतो? पनवेलच्या बाजारात कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात झाडाचं छापील चित्र मिळतं, त्यावर चौकोन असतात. खाली मुलाचा फोटो, वर बाबा, त्यावर आजोबा, त्यावर पणजोबा, आणि कुणाला आठवलंच तर खापरपणजोबा. आई रात्री बसून सुवाच्य अक्षरात भरते, चमकी लावते, सकाळी मूल तो तक्ता शाळेत नेतं. मार्क मिळतात आणि विषय संपतो.

आज मला स्पष्ट बोलायचं आहे. हा तक्ता अपुरा आहे एवढंच म्हणून मी थांबणार नाही. तो खोटा आहे. आणि तो खोटा तक्ता आपण बायकाच आपल्या हाताने भरून मुलांच्या हातात देतो.

साधा हिशोब करा. प्रत्येक मुलाला आईवडील दोन. त्यांचे आईवडील चार. पणजोबा-पणज्या आठ. खापरपणजोबा-खापरपणज्या सोळा. चार पिढ्यांत एकूण तीस माणसं, ज्यांच्याशिवाय हे मूल जन्मालाच आलं नसतं. झाडाच्या त्या तक्त्यावर किती येतात? बाबा, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. चार. तीसपैकी चार! चौघांच्या बायकांची नावं शेजारी लिहिली तरी आठ होतात. उरलेली बावीस माणसं कुठे गेली? दुकानाच्या वहीत तीसपैकी बावीस नोंदी गाळल्या तर आपल्या घरातले पुरुष त्या वहीला हिशोब म्हणतील का?

यावर पहिलं उत्तर मिळतं ते ‘परंपरा’. वंश मुलाने चालतो, मुलगी परक्या घरची, पूर्वापार असंच लिहितात. मला हे उत्तर जैन घरात ऐकलं की आश्चर्य वाटतं, कारण आपली परंपरा नेमकी उलटं सांगते.

पाठशाळेतल्या सहा वर्षांच्या मुलाला विचारा, ऋषभदेवांची आई कोण? मरुदेवी. नेमिनाथांची? शिवादेवी. पार्श्वनाथांची? वामादेवी. महावीरांची? त्रिशला. चोवीस तीर्थंकरांच्या चोवीस मातांची नावं आपण पाठ करतो. तीर्थंकर गर्भात आले तेव्हा स्वप्नं पाहिली ती आईने. दिगंबर परंपरेत सोळा, श्वेतांबर परंपरेत चौदा. पंचकल्याणकाची सुरुवातच आईपासून होते. त्रिशलामातेचं माहेरसुद्धा आपल्याला माहीत आहे, वैशालीच्या चेटक राजाचं घराणं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं माहेर आपण विसरलो नाही. आता त्याच मुलाला विचारा, तुझ्या बाबांच्या आजीचं नाव काय? ती कुठल्या गावची? मूल आईकडे बघतं, आई सासूबाईंकडे बघते.

आता मंदिरात चला. जुन्या धातूच्या प्रतिमांच्या मागच्या बाजूला आणि पाषाणाच्या मूर्तींच्या आसनावर लेख कोरलेले असतात. संवत, तिथी, गण किंवा गच्छ, भट्टारकांचं किंवा आचार्यांचं नाव, ज्ञाती, प्रतिमा करवणाऱ्या श्रावकाचं नाव, आणि त्यापुढे ‘भार्या’ हा शब्द व तिचं नाव, मग मुलांची, कधी सुनांचीही नावं. आईच्या श्रेयासाठी प्रतिमा केली असं लिहिलेले लेख आहेत. बाईने स्वतः करवलेल्या प्रतिमांचेही आहेत. संवत 1548 मध्ये जीवराज पापडीवाल यांनी प्रतिष्ठा करवलेल्या मूर्ती देशभरातल्या दिगंबर मंदिरांत आजही सापडतात. तेव्हापासून आजपर्यंत पाचशेहून अधिक वर्षं झाली. त्या काळातला कारागीर वीतभर जागेत छिन्नीने बायकोचं नाव कोरत होता, आणि आपल्याला हातभर कार्डशीटवर पेनाने ते लिहायला जागा पुरत नाही!

कर्नाटकातल्या अत्तिमब्बेंची गोष्ट तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक असेल. हजार वर्षांपूर्वीची ही श्राविका. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती तिने लिहवून घेतल्या आणि वाटल्या, लक्कुंडीला जिनालय बांधलं. तिचं नाव राहिलं, कारण कुणीतरी ते लिहिलं. चामुंडरायाने श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती उभी केली, त्यामागे आई काललदेवीची इच्छा होती असं आपण सांगतो, आणि तिचं नाव घेऊन सांगतो. म्हणजे बाईचं नाव गाळणं ही आपली जुनी रीत नव्हे. ती नंतर आलेली सवय आहे, आणि सवयीला परंपरा म्हणून हळदकुंकू लावायचं कारण नाही.

राजस्थानातून आलेल्या कित्येक जैन घरांत सोयरीक जुळवताना चार गोत्रं टाळायची रीत होती: स्वतःचं, आईचं, वडिलांच्या आईचं आणि आईच्या आईचं. चारपैकी तीन गोत्रं बायकांच्या वाटेने आलेली! ती कुणाच्या लक्षात असत? घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या. भाट, कुळगुरू, वहीवंचा बारोट यांच्या वह्या होत्याच, पण नातं कुठे कसं लागतं हे चुलीपाशी बसलेली आजी वही न उघडता सांगायची. ते ज्ञान आज विवाहमंडळाच्या फॉर्ममधल्या एका रकान्यापुरतं उरलं आहे.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे, आणि ते धर्माच्या नावाने दिलं जातं. एकत्व भावना, अन्यत्व भावना रोज म्हणतो ना? जीव एकटा येतो, एकटा जातो. आत्म्याला कसला वंश आणि कसलं कुळ? मग मुलांना ह्या मोहात कशाला घालायचं?

हे म्हणणं खरं असतं तर आपल्या आचार्यांनी पट्टावल्या लिहिल्या नसत्या. गौतम, सुधर्मा, जंबूस्वामी, आणि त्यांच्यानंतर कोण कुणाचे शिष्य, हे इतक्या निगुतीने जपणाऱ्या परंपरेला स्मरणाचं वावडं कसं असेल? वावडं आहे ते मदाचं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत, त्यात कुल आणि जाति हे दोन वेगळे मोजले आहेत. का वेगळे? कुल म्हणजे पित्याकडची परंपरा, जाति म्हणजे मातेकडची, असा अर्थ शास्त्रात लावतात. दोन्ही बाजू शास्त्राने मोजल्या आणि दोन्हींचा गर्व करू नका म्हणून सांगितलं. आपण काय केलं? आईची बाजू मोजायची सोडली, आणि वडिलांच्या बाजूचा गर्व मात्र ठेवला.

मरीचीची कथा मुलांना जरूर सांगा. ऋषभदेवांचा नातू, भरत चक्रवर्तीचा मुलगा. श्वेतांबर परंपरेत सांगतात की आजोबा पहिले तीर्थंकर, वडील पहिले चक्रवर्ती, आणि मी पहिला वासुदेव होणार, असा कुळाचा तोरा त्याने मिरवला आणि नीच गोत्र कर्म बांधलं. ह्याच जीवाने पुढे त्रिपृष्ठ वासुदेव होऊन क्रूरपणा केला, नरक भोगला, सिंहाचा जन्म घेतला, आणि अखेर तोच जीव वर्धमान महावीर झाला. दिगंबर आणि श्वेतांबर, दोघांच्याही ग्रंथांत मरीची, त्रिपृष्ठ, नरक आणि सिंह आहेत. विचार करा, स्वतःच्या भगवंतांची भवावली लिहिताना आपल्या आचार्यांनी पडझड लपवली नाही. आणि आपण? आपल्या घराण्याच्या तक्त्यात सगळे आजोबा नगरशेठ, सगळे दानशूर. कुणाचं दुकान बुडालं नाही, कुणी कर्जाने गाव सोडलं नाही, कुणाची पहिली बायको बाळंतपणात गेली नाही, कुणाची बहीण बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली नाही.

तिसरं उत्तर इथूनच निघतं: जुन्या जखमा उकरू नका, लहान मुलांना असलं काही सांगायचं नसतं. मी म्हणते, वय बघून सांगा, पण सांगा. ती बालविधवा आत्या जन्मभर ह्या घरात राबली. तिने दुसऱ्यांची मुलं वाढवली, वर्षीतप केले, आणि तिला स्वतःचं मूल नाही म्हणून तक्त्यात जागा नाही. तिच्यासारख्या मुलींसाठी मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम काढला, पुढे सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी आयुष्य वेचलं. अशा संस्थांच्या जुन्या रजिस्टरात आपल्यापैकी कुणाच्या पणजीच्या बहिणीचं नाव असू शकतं. पण शोधणाऱ्याला ती होती हे आधी कळायला तर हवं.

चौथं उत्तर पुरुष मंडळी देतात, हसून: ह्याने फरक काय पडतो? वंशावळ म्हणजे हौस. फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे जाताना वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागते. त्या कागदावर मुलींची नावं गाळली गेल्याचे किस्से तुम्हाआम्हाला नवे नाहीत. माझ्या ओळखीच्या एका ताईला भावाच्या लग्नाचे फोटो, घरभरणी, सगळं वेळेवर कळलं. सातबाऱ्यावर चढलेली नावं मात्र चार वर्षांनी कळली. हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये, आणि केंद्राने 9 सप्टेंबर 2005 पासून, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर हा हक्क अवलंबून नाही. कायदा इथवर आला, आणि आपल्या घरात मुलीचं नाव वंशावळीत आठवतं कधी? हक्कसोडपत्रावर तिची सही हवी असते तेव्हा! हिस्सा घ्यावा की सोडावा हे तिचं तिने ठरवावं. त्यावर मी इथे बोलत नाही. पण जिचं नाव तक्त्यात नाही तिला ठरवायलाही कुणी बोलावत नाही. सातवीतल्या मुलाने झाड काढताना आत्याची फांदी गाळली, की मोठेपणी प्रतिज्ञापत्र लिहिताना त्याला ती गाळणं सहज जमतं. शिक्षण तिथेच झालेलं असतं.

सरकारनेही आता आईला जागा दिली आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला. सरकारी कारकून जे लिहितो ते आपण घरच्या तक्त्यात लिहायला कचरतो, हे बरं दिसत नाही.

आता एक प्रश्न पडेल, की बायकांची नावं शोधायची कुठे? कारण अडचण खरी आहे. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, की जुनं नाव माहेरच्या उंबऱ्याशी राहिलं. एका आजीची दोन नावं, दोन आडनावं, दोन गावं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून तिने जन्मभर उखाण्यातून ते घेतलं, म्हणून त्याचं नाव सगळ्या गल्लीला माहीत. तिचं नाव काय, हे कुणी विचारलंच नाही.

पण पुरावे आपल्याच घरात आहेत. माळ्यावरची पितळी भांडी उतरवा. पूर्वी भांड्यांवर नावं घालत. हंडा, परात, तांब्या, डबा. काठाशी टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, कधी तारीख, कधी कुणाकडून कुणाला. ती भांडी आपण मोडीत देतो आणि बदल्यात स्टील घेतो. देण्याआधी मुलाला नुसतं वाचायला तरी बसवा. जुन्या लग्नपत्रिका, पोथीच्या पहिल्या पानावरचं नाव, मंदिरातल्या देणगीच्या संगमरवरी पाट्या, तपाच्या अनुमोदनेची पत्रिका, हे सगळं बायकांचं दप्तर आहे. सरकारी दप्तरही आहे: गाव नमुना 14 म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, शाळेचं जनरल रजिस्टर, जमिनीचे फेरफार. जुन्या नोंदी मोडीत असतात. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर राज्यभर कुणबी नोंदींसाठी हीच दप्तरं उघडली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. तेव्हा लोकांना कळलं की पणजोबाचा कागद ही किती किमती गोष्ट आहे. पण दाखल्याला लागते ती वडिलांकडची वंशावळ, म्हणून शोधही तेवढाच झाला. आपल्याला दाखला नको आहे. आपण पूर्ण शोध घेऊ शकतो.

आणि हे पनवेलमध्ये बसून का सांगते आहे? कारण पनवेल आता आलेल्यांचं गाव आहे. माझं माहेर सांगलीकडचं, शेजारीण मारवाडातली, समोरची कच्छची, तिच्या वरची विदर्भातली सैतवाळ. देरासर वेगळं, मंदिर वेगळं, पण मुलं एकाच शाळेत. त्यांना गाव म्हणजे एक्स्प्रेसवेने जायची जागा एवढंच माहीत. पलीकडे विमानतळासाठी दहा गावं उठली. चिंचपाडा, कोंबडभुजे, तरघर ही नावं आमच्या डोळ्यांदेखत पाट्यांवरून उतरली, आणि तिथल्या लोकांनी आपले देव उचलून नव्या जागी नेले. आपल्या पनवेलमध्ये बेने इस्रायली लोकांचं बेथ एल सिनेगॉग आहे. त्यातली बहुतेक घरं इस्रायलला गेली, पण आडनावं घेऊन गेली: पेणकर, रोहेकर, नवगावकर. आडनावात गाव राहिलं, म्हणून तिसऱ्या पिढीला रोहा कुठे आहे हे नकाशात शोधता येतं. आपल्या आजीच्या गावाची अशी खूण कुठे आहे? तिचं माहेरचं आडनाव हीच ती खूण, आणि तेच आपण पुसतो.

म्हणून ह्या सुट्टीत तीन गोष्टी करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पहिली, छापील झाड आणू नका. कोरा कागद घ्या, मधोमध मुलाचं नाव, आणि चारी बाजूंना चार रेघा: दोन्ही आजोबा आणि दोन्ही आज्या. चारही रेघा सारख्या लांबीच्या. जिथे नाव सापडत नाही तिथे रिकामा चौकोन ठेवा, पुसू नका. रिकामा चौकोन मुलाला टोचला पाहिजे, म्हणजे ते विचारत राहील. आत्या, मावशी, न जगलेली बाळं, लग्न न झालेले काका, दीक्षा घेतलेली माणसं, सगळ्यांना जागा द्या. दीक्षा घेतलेल्यांचं संसारी नाव आणि माहेर तर विशेष जपून लिहा, कारण ते विसरायला आपण सगळेच हातभार लावतो.

दुसरी, तक्ता तुम्ही भरू नका. मुलाला आजीपाशी बसवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा. आपण समोर असलो की आजी आपल्याला बघून बोलते. नातवंडाशी ती वेगळी बोलते. फोनवर आवाज साठवायला सांगा, पण आधी आजीला विचारून. प्रश्न सोपे असू द्यात. लहानपणी तुला काय हाक मारायचे? लग्नात नाव कुणी ठरवलं? माहेराहून पहिल्यांदा आलीस तेव्हा कशाने आलीस? पर्युषणात तुमच्या घरी काय करायचे? तुझ्या आईचं नाव काय? शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. एखाद्या प्रश्नाला आजी गप्प बसली तर मुलाने पुढे जायचं, खोदायचं नाही. अहिंसा बोलण्यातही असते.

तिसरी, मंदिरात जुनी प्रतिमा असेल तर विश्वस्तांना आणि पंडितजींना विचारून, त्यांच्या सोयीच्या वेळी, मुलाला मूर्तिलेख दाखवायला न्या. हात लावायचा नाही, नुसतं वाचायचं. ‘भार्या’ हा शब्द आणि त्यापुढचं नाव त्याला त्याच्या बोटाने दुरूनच दाखवू द्या. मग घरी येऊन त्याचा तक्ता त्याला परत उघडू द्या.

सासरचे काही बोलतील. “आमच्या घराण्याच्या झाडात हे माहेरचे कुठून आले?” असं म्हणतील. तेव्हा भांडू नका, चिडू नका. शांतपणे विचारा, त्रिशलामातेच्या माहेरचं कुळ ठाऊक आहे ना? मग सासूबाईंच्याही माहेरचं सांगा, मूल लिहून घेतंय. मी पैजेवर सांगते, तेव्हा सर्वांत आधी बोलायला लागतील त्या सासूबाईच.